रेंज नसलेले मुक्काम

मोठ्या जाऊबाई माझ्या फ्लॅटवर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात मेथीची जुडी होती आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मेथीचं मला काही वाटलं नाही. मळ्यातून शहरात येणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असतंच. मोबाइलवर मात्र त्यांनी एक व्हिडिओ थांबवून ठेवला होता, आणि तो निघून जाऊ नये म्हणून अंगठा पडद्यापासून लांब धरून त्या तशाच लिफ्टमधून वर आल्या होत्या.

"ही गाडी बघ," चपला काढायच्या आधीच त्या म्हणाल्या. "आत घर हाय."

व्हिडिओत एक नवरा-बायको तळ्याकाठी व्हॅन लावून बसले होते. व्हॅनमध्ये पलंग, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, बाहेर ताणलेलं छत. दोघं मगातून काहीतरी पीत होते आणि उगाचच हसत होते.

"नाशकात भाड्यानं मिळती का असली?"

"मिळत असेल. का?"

"जाऊ की आपण दोघी. चार ठिकाणं बघू. तू गाडी चालवतीच."

मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून विचार करू लागले, या बाईला माझ्याकडून नक्की काय हवं आहे?

असं वाटायला कारण होतं. आमच्या दोघींत कधी भांडण झालं नव्हतं, पण जवळीकही नव्हती. मखमलाबादकडच्या मळ्यात सून म्हणून मी थोडीच वर्षं राहिले. मग माझ्या यजमानांनी त्यांचा वाटा वेगळा करून विकला, आम्ही सिडकोत घर घेतलं आणि मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. त्यानंतर आम्ही दोघी जावा भेटायचो त्या लग्नात, बारशात आणि दहाव्याला. भाऊजी आधी गेले, मग माझे यजमान. तेव्हा त्या तेराव्यापर्यंत माझ्याजवळ राहिल्या, स्वयंपाकापासून सगळं केलं, पण परत गेल्यावर साधा फोन नाही. अशी बाई एकदम फिरायला चल म्हणते?

दुसरं कारण माझ्या नोकरीत होतं. मी इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेला भाग कितीही चकचकीत दिसला तरी गेज लावून माप बघितल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, हेच आयुष्यभर केलं. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. भाजीवाल्याने न मागता जास्तीची कोथिंबीर टाकली की मी पिशवीतली वांगी पुन्हा उलटीपालटी करून बघते.

"कधी जायचं म्हणता, ताई?" चहा देताना मी विचारलं.

"नवरात्रात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या घरी घट बसतात. त्या नऊ दिवसांत मी त्यांना मळ्याचं फाटक ओलांडताना कधी पाहिलं नव्हतं. शिवाय दसऱ्याचा झेंडू. पावसाळ्यात लावलेली सगळी फुलं त्याच आठवड्यात तोडायची, क्रेट भरायचे, पहाटे बाजार गाठायचा. भाऊजी दवाखान्यात होते त्या वर्षीसुद्धा ताईंनी दसऱ्याचा बाजार सोडला नव्हता.

"आणि घट?"

"बसवू की. गाडीत."

"गाडीत?"

"आत घर हाय म्हणती ना? मग घरात देव नको? देवीला बी फिरू दे जरा."

"आणि झेंडू?"

"पोरगा बघल." त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशीत बघतच प्यायला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "इतक्यात कोणाला बोलू नको."

मी बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले.

खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. पुण्याची माझी लेक कधीची मागे लागली होती, की आई, आता तरी घराबाहेर पड. पुढचे काही आठवडे ताई डोळ्यांच्या डॉक्टरांचं निमित्त काढून माझ्याकडे यायच्या आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर टॅब उघडून बसायचो. कुठे गाडी लावून राहू देतात, कुठे पाण्याची सोय आहे, कुठे संडास बरा आहे, लोकांनी काय काय लिहिलंय, मी सगळं वाचून दाखवायची. भंडारदऱ्याला पाण्याच्या अगदी काठावर एक जागा होती. वैतरणेच्या बाजूला टेकडीवरून धरणाचं पाणी दिसेल अशी एक. पलीकडे सापुतारा, आणि त्याच्याही पुढे डांगच्या जंगलात बांबूच्या बनात कोणी दोन-चार गाड्यांपुरती जागा केलेली. फोटो बघूनच माझा जीव हलका होत होता.

ताई फोटो बघायच्याच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा.

"तिथं फोन लागतो का?"

मला वाटलं, वय झालंय, काळजी वाटत असेल. मी शोधून सांगितलं, "हो हो, भंडारदऱ्याला नेटवर्क चांगलं आहे, असं सगळ्यांनी लिहिलंय."

"मग नको."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "नको?"

"तिथं माझ्या मावसबहिणीची लेक दिलीय," त्या घाईने म्हणाल्या. "तिला कळलं म्हणजे जेवायला या, साडी घ्या. नको ते."

वैतरणेची जागा काढली तर म्हणाल्या, "हे मुंबईच्या रस्त्याला झालं. पोरगा तासाभरात येऊन उभा राहील." आणि मग माझ्याकडे बघून, "म्हणजे, भेटायला."

इन्स्पेक्शनमध्ये पहिला खराब तुकडा सापडला की लगेच आरडाओरडा करायचा नसतो. पुढचे तुकडे तपासायचे. मी मुद्दाम वेगवेगळ्या जागा काढून त्यांना विचारू लागले. जिथे रेंज चांगली, रस्ता मोठा, ओळखीचं कोणी, ती जागा बाद. जिथे लोकांनी लिहिलंय की फोन लागत नाही, रस्ता खराब आहे, परत जाणार नाही, तिथे ताई खूश. तळं असो नसो, डोंगर दिसो न दिसो. शेवटी आमच्या प्रवासात दोनच मुक्काम राहिले, हातगडाच्या अंगाला एका शेतकऱ्याचं माळरान आणि डांगमधलं ते बांबूचं बन. दोन्हीकडे रेंज नाही.

माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार येऊ लागले. आजारी आहेत आणि घरच्यांपासून लपवतायत? मग दवाखाना जवळ हवा, लांब कशाला? कोणाला घाबरतायत? का माझ्याचकडून काही कबूल करून घ्यायचंय आणि त्यासाठी मला अशा जागी न्यायचंय, जिथून मी लेकीला फोनही करू शकणार नाही? हा शेवटचा विचार आल्यावर मला माझंच हसू आलं, पण तो गेला नाही.

गाडी बघायला आम्ही गंगापूर रोडने धरणाकडे गेलो. चाळिशीचा एक माणूस शेडमध्ये अशा दोन व्हॅन भाड्याने ठेवत होता. बोलायला गोड होता. सीट कशी आडवी करून पलंग होतो, पाण्याची टाकी कुठे भरायची, बाहेरचं छत कसं ओढायचं, सगळं त्याने करून दाखवलं. ताईंनी प्रत्येक कप्पा उघडून बघितला. बेसिनमध्ये हात घालून आकार मापला आणि म्हणाल्या, "घट बसतो हितं." तो माणूस नुसता हसला. त्याला वाटलं असेल, म्हातारी गंमत करतेय.

मग त्यांनी विचारलं, "ह्या गाडीत ते असतं का, गाडी कुठं हाय ते कळायचं?"

"जीपीएस? असतं ना मावशी. आम्हाला इथे बसून दिसतं."

"ते बंद करता येतं का?"

त्या माणसाचं हसू थोडं कमी झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या कापडाकडे पाहिलं.

"नाही मावशी. ते बंद होत नाही. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

"तुम्हालाच दिसतं ना? दुसऱ्या कोणी विचारलं तर सांगत नाय ना?"

"पोलिसांनी विचारलं तर सांगावं लागेल," तो हळूच म्हणाला. मग त्याने आमच्या दोघींच्या आधार कार्डांचे फोटो काढले, जरा जास्तच निरखून. "घरच्या कोणाचा तरी एक नंबर द्या. अडचण आली तर असावा."

ताईंनी माझा नंबर सांगितला.

"त्या तर तुमच्यासोबतच असणार ना, मावशी."

"मग तिच्याजवळ फोन असंलच की."

शेवटी मी माझ्या लेकीचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन. "मॅडम, राग मानू नका, एक विचारतो. त्या मावशींच्या घरी माहीत आहे ना?"

"अर्थातच माहीत आहे," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

त्याचं उत्तर त्याच आठवड्यात मिळालं. ताईंच्या सुनेचा फोन आला. चांगली मुलगी आहे, फार बोलत नाही. म्हणाली, "काकू, आई नवरात्रात गडावर राहायला जातायत ना, तर तुम्हीच सोडणार आहात म्हणाल्या. हे म्हणत होते, अष्टमीच्या आत आणा त्यांना. काम आहे जरा."

"कसलं काम?"

"ते मला नाही माहीत, काकू," ती म्हणाली. माहीत होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

म्हणजे घरी सप्तशृंग गडाचं सांगितलं होतं आणि माझ्याजवळ डांगच्या जंगलाचं. मी गाडीची किल्ली घेतली आणि न कळवता मळ्यात गेले.

मळ्याला जायचा रस्ताच मला आधी ओळखू येईना. दोन्ही बाजूंना इमारती आल्या होत्या आणि पूर्वी जिथे बोरीचं झाड होतं तिथे एका प्रकल्पाचं ऑफिस होतं, काचेचं. फाटकातून आत शिरले तर झेंडू अर्ध्याच रानात. उरलेलं अर्धं रान मोकळं पडलेलं आणि त्यात चुन्याच्या रेघा मारलेल्या. तिपाईवर दुर्बीण लावून दोन माणसं मोजणी करत होती.

पुतण्या लगबगीने पुढे आला. पाया पडला, सावलीत खुर्ची टाकली, पाणी आणवलं. तो कधीच उद्धट नव्हता. रेघांकडे माझं लक्ष गेलेलं पाहून स्वतःच सांगू लागला. बिल्डरबरोबर भागीदारीत करायचं ठरलंय. जमीन आपली, बांधकाम त्याचं. अष्टमीच्या सुमाराला आईची सही आणि दसऱ्याला भूमिपूजन.

"आईने हो म्हटलंय?"

"दोनदा म्हटलंय, काकू. माझ्यासमोर." मग तो थोडा पुढे झुकला. "तुम्हीच सांगा, किती दिवस चालवायचं हे? माणसं मिळत नाहीत तोडणीला. औषध फवारलं की वरच्या मजल्यांवरून लोक ओरडतात, तक्रार करतात. विहिरीचं पाणी बघा एकदा, वास मारतं. माझी मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. मी काही हौस म्हणून करत नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. मी विहिरीवरून चालत गेले तेव्हा तो वास मलाही आला.

ताई शेडमध्ये पोत्यावर बसून आदल्या दिवशीच्या फुलांतली डागी निवडत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत. बहुतेक त्या वाटच बघत होत्या.

"ताई, तुम्ही मला ड्रायव्हर म्हणून धरलंत."

"व्हय," त्या म्हणाल्या.

त्या नाही म्हणतील, मग मी पुरावा देईन, अशी माझी सगळी तयारी होती. ती वाया गेली. मी समोरच्या रिकाम्या क्रेटवर बसले.

"सरळ नाही म्हणायचं ना त्याला."

"म्हणते की. रोज म्हणते. हितं एकटी बसले म्हणजे लय चांगलं म्हणते." एक फूल त्यांनी उगाचच कुस्करलं. "तो समोर आला का नाय होत. ओरडला असता, आदळआपट केली असती, तर म्हणाले असते. तो पाय दाबतो माझे. म्हणतो, आई, तू म्हणशील तसं. आन् मग माझ्या तोंडून हो जातं. मलाच कळत नाय कसं जातं."

"आणि नऊ दिवसांनी परत आल्यावर?"

"दसरा हुकला का तो बिल्डर थांबत नाय. त्याला लय रानं हायत."

म्हणजे एवढंच होतं. मुहूर्त टळेपर्यंत कोणाला सापडायचं नाही, आणि त्यासाठी चार चाकांवरचं एक घर. मला राग आला, आणि त्या रागात थोडं कौतुकही होतं ते मला आवडलं नाही.

"पण मीच का? तुमच्या माहेरचे इतके आहेत."

त्यांनी आणखी दोन डागी फुलं बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "वाटणीच्या टायमाला तुझ्या भाऊजींनी तुला विचारलं होतं, वहिनी, विकायचं नक्की का? तू म्हणाली, नक्की. एकदाच म्हणाली. मी दारात उभी होते. मला तुझा लय राग आला होता. अजून बी येतो. पण तसं एकदा मला म्हणता यावं, असं बी वाटतं."

मी त्यांना सांगितलं, मी नेते, पण एका अटीवर. मुलाला तुम्ही स्वतः सांगायचं. लपून नाही. त्यांनी ताबडतोब मान हलवली. "गाडीतून फोन करते." इतक्या पटकन हलवलेल्या मानेवर मी नोकरीत असताना कधीच विश्वास ठेवला नाही. तेव्हाही ठेवला नाही.

घटस्थापनेच्या सकाळी व्हॅन मळ्यात नेली. ताईंनी आपल्याच रानातली माती परडीत भरली, त्यात गहू पेरले, वर घट ठेवला आणि ते सगळं गाडीच्या बेसिनमध्ये मांडून चारी बाजूंनी टॉवेल कोंबले. दिवा मुक्कामाला पोचल्यावर लावायचा ठरलं. सून गोंधळून बघत होती. "गडावर जागा मिळाली नाय तर गाडीतच राहू," ताईंनी तिला सांगितलं. पुतण्याने पाण्याच्या बाटल्यांचा खोका स्वतः आत चढवला आणि मला म्हणाला, "काकू, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही." मी बाजूचा आरसा सारखा करत बसले.

दिंडोरी मागे पडली, वणी आली. नवरात्रात गडावर खाजगी गाड्या सोडत नाहीत, म्हणून आम्ही व्हॅन खाली नांदुरीत लावली आणि एसटीने वर गेलो. गर्दीत ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. दर्शन झाल्यावर पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "गडावर जाते म्हणाले होते, आले. खोटं नाय बोलले मी."

"फोन?"

"मुक्कामाला पोचू दे."

बोरगावकडून चढत हातगडाच्या त्या माळावर आम्ही ऊन उतरता उतरता पोचलो. फोटोत होतं त्यापेक्षा छान होतं. खाली छोटं तळं, पलीकडे गडाची भिंतीसारखी उभी कड, माळभर पिवळी रानफुलं. जागेची मालकीण हंडाभर पाणी देऊन गेली. ताईंनी दिवा लावला, दोन शेगड्यांपैकी एकीवर भगर टाकली, दुसरीवर दाण्याची आमटी. मग छताखाली पाय पसरून बसल्या आणि इतक्या शांत झाल्या, की माझा संशय आणखी वाढला. मोबाइल त्यांनी पिशवीच्या तळाशी बंद करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, "उद्या करते." त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "डांगात गेलो का करते." डांगमध्ये रेंज नाही, हे दोघींना माहीत होतं.

मी व्हॅनची किल्ली पर्समध्ये टाकली. "ताई, फोन झाल्याशिवाय गाडी हलणार नाही."

त्या रुसल्या. उपासाचंही खाल्लं नाही. माझ्याकडे पाठ करून परडीवर पाणी शिंपडत बसल्या. दुपारी जागेची मालकीण आली तेव्हा तिच्याशी हसून बोलल्या, माझ्याशी नाही. मीही पुस्तक उघडून बसले आणि एकही पान वाचलं नाही. शेवटी त्या उठल्या, पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "वर चढावर लागतो म्हणती फोन. जाऊन येते."

"मी येते."

"नको. मी बोलते एकटी."

त्या पुढे गेल्या. थोडं अंतर ठेवून मीही चढले. वर एका खडकाजवळ त्या उभ्या होत्या, मोबाइल कानाला. मोठमोठ्याने बोलत होत्या. "हां, बाळा, ऐक. मी सही करणार नाय. नाय म्हणजे नाय. समजलं का?" मध्येच थांबून ऐकत होत्या, मान हलवत होत्या. फार छान बोलत होत्या. मी आणखी जवळ गेले आणि बाजूने पाहिलं. पडदा काळा होता.

"ताई, फोन चालू करा."

त्यांनी मोबाइल कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसू लागल्या. पोट धरून, खडकाला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला कितीही आवरायचं म्हटलं तरी मीही हसले. इतक्या वर्षांत आम्ही दोघी मिळून कधी हसलो होतो का, मला आठवेना.

मग त्यांनी फोन चालू केला. एकामागून एक मेसेज वाजत राहिले. मुलाचा नंबर त्यांनी स्वतःच लावला आणि आवाज मोठा केला. मी सांगितलं नव्हतं.

"आई! कशी आहेस? दर्शन झालं का? फोन का बंद?"

ताईंनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, झालं, आता हो म्हणणार.

"मी सही करणार नाय," त्या म्हणाल्या. आधीच्यासारखं मोठ्याने नाही.

"काय?"

"रानाची सही. मी जिवंत हाय तोवर नाय. त्या माणसाला सांगून टाक."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "काकू शेजारी आहेत का?"

"हाय. पण हे तिनं नाय शिकवलं."

"आई, तू घरी ये आधी. घरी बसून बोलू."

"घरी आले तर मी हो म्हणेन," ताई म्हणाल्या. "म्हणून हितनं सांगते."

तो काहीतरी बोलायला लागला आणि आवाज तुटला. त्याने फोन ठेवला की रेंज गेली, ते कळलं नाही. ताईंनी पुन्हा लावला नाही. त्या खडकावर बसल्या, मी शेजारी बसले. खाली आमची व्हॅन खेळण्यासारखी दिसत होती.

त्यानंतर आम्ही डांगला गेलो आणि तिथे खरोखरच फिरायला आल्यासारख्या राहिलो. नाल्यात पाय सोडून बसलो. परडीतला गहू बोटभर उगवला. ताईंना बांबूचे निरनिराळे प्रकार ओळखता येत होते, मला एकही नाही. पण मधूनच त्या म्हणायच्या, "आता तो जेवला असंल का?"

दसऱ्याच्या दिवशी परतलो. मळ्यात झेंडू तोडून झाला होता. पुतण्याने एकट्याने तोडून घेतला होता. चुन्याच्या रेघा पावसाच्या सरीने पुसट झाल्या होत्या. त्याने आईची पिशवी घेतली, आत ठेवली आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. बिल्डरने नंतर शेजारच्या रानाशी करार केला. तिथे आता खोल खड्डा खणलाय आणि दिवसभर मशीनचा आवाज येतो. ताईंच्या विहिरीचं पाणी काही सुधारलेलं नाही. पुतण्या म्हणत होता त्यातलं एकही संकट टळलेलं नाही, हे मला मळ्यात गेले की दिसतं. अर्ध्या मोकळ्या रानात त्याने शेवंती लावली. पण आईचे पाय तो आता दाबत नाही. ताई हे एकदाच बोलल्या, तेही भाजी निवडताना, खाली बघून.

एक शंका माझ्या मनात राहिली. त्यांना फक्त गाडी चालवणारी हवी होती, का किल्ली पर्समध्ये टाकून बसणारी? मी एकदा विचारलंसुद्धा. "तुझं आपलं कायतरी," म्हणून त्या उठून आत गेल्या.

संक्रांतीला पुतण्या बायकोला घेऊन माझ्याकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा नको म्हणाला. सून माझ्या लेकीची चौकशी करत राहिली. निघताना त्याने डबीतून चिमूटभर काढून माझ्या हातावर ठेवलं.

"तिळगूळ घ्या, काकू," तो म्हणाला.

त्याच्या पुढचं म्हणाला नाही. मीही त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि लिफ्ट येईपर्यंत दारात उभी राहिले.